बंडूचं ओलं पोतं

सुरुवातीलाच सांगते, या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी फक्त जेवताना वाचते, टाइमपास म्हणून. विश्वास शून्य. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करता करता माझे केस पांढरे झाले. माणसाच्या आत रक्त, लघवी आणि थुंकी यांपलीकडे काही असतं असं मला कधी दिसलं नाही. कोणाच्या अंगात येतं म्हटलं की मी आधी शुगर तपासून घ्या म्हणते. तर अशी मी... आणि आज इथे लिहायला बसलेय. याचं माझं मलाच हसू येतंय. पण कोणाला तरी सांगावंसं वाटतंय आणि घरी ऐकायला कोणी नाही.

बहुतेकांचे अनुभव रात्रीचे असतात. माझा भर दुपारचा आहे. नागपूरकरांना सांगायला नको — मे महिन्यातल्या दुपारी बाहेर जेवढा शुकशुकाट असतो, तेवढा इथे मध्यरात्रीही नसतो.

आधी जागा सांगते. बेसा, मेन रोडपासून आत, एका नव्या स्कीममधला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. भाड्याचा. एक हॉल, एक बेडरूम, मागे लहानशी बाल्कनी. तिला लागूनच शेजारच्या वंदनाकाकूंची बाल्कनी. हात लांब केला तर एकमेकींच्या दोरीवरचे कपडे काढता येतील इतकी जवळ. आम्ही पूर्वी कामठीला राहायचो. बाबांच्या आजारपणात हात इतका तंग झाला की ते गेल्यावर मला ते घर विकावंच लागलं. आई मी शाळेत असतानाच गेली, भाऊ-बहीण नाही, लग्न मी केलं नाही. सामानात बाबांच्या दोनच गोष्टी सोबत आणल्या — त्यांचा फोटो आणि बंडू. भाड्याच्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही अशी घरमालकांची अट, म्हणून फोटो अजून खोक्यातच आहे. हे मुद्दाम सांगतेय. या बिल्डिंगमध्ये बाबांना कोणीही, कधीही पाहिलेलं नव्हतं. फोटोतसुद्धा नाही.

बंडू म्हणजे बाबांचा कुत्रा. गावठी, तांबडा, एक कान कायम दुमडलेला. बाबा वीज केंद्रात फिटर होते. रिटायर झाल्यावर वेळ जाईना म्हणून हे ध्यान रस्त्यावरून उचलून आणलं. माणसांशी बाबांचं बोलणं हो-नाही एवढंच. बंडूशी मात्र भाजीच्या भावापासून सरकारपर्यंत सगळं. मी चेष्टा करायचे, की मला पण एक शेपूट लावून द्या, म्हणजे माझ्याशी बोलाल.

उन्हाळ्यात बाबांचा एक ठरलेला कार्यक्रम असे. दुपारी ज्वारीचं जुनं पोतं बादलीत बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि कूलरसमोर फरशीवर अंथरायचं. त्यावर बंडू पोट टेकून पसरायचा. पोत्याच्या चारही कडा बाबा आत दुमडत, कारण सुटलेल्या सुतळीत बंडूची नखं अडकायची. आता नागपुरात हे पोतं किती वेळ ओलं राहणार? मांडलेला चहा उकळेपर्यंत कडा वाळायला लागतात. बाबा पुन्हा उठायचे, पुन्हा भिजवायचे. दुपारभर हाच धंदा.

बेशाला आल्यावर मला हे कुठून जमणार? सकाळी आठला निघायचं, लॅब, मग संध्याकाळी एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनवर बसायचं. ते काम नवीनच धरलं होतं, नाहीतर भाडं निघत नव्हतं. बंडू दिवसभर कुलपात. सुरुवातीला भुंकायचा, मग रडायला लागला. लांब सूर लावून. वंदनाकाकूंनी आधी प्रेमानं सांगितलं, मग नुसतं सांगितलं, मग घरमालकांना सांगितलं. घरमालक आले आणि शांतपणे म्हणाले की ॲग्रीमेंट रिन्यू करायचं असेल तर कुत्र्याची दुसरीकडे सोय करा. त्यातच त्याला गोचिडांचा ताप आला. डॉक्टर, सलाइन, गोळ्या. मी स्वतःचा चष्मा बदलायचा पुढे ढकलला.

म्हणून ठरवलं, बंडूला चांगलं घर बघून देऊन टाकायचं. प्राणी दत्तक देणाऱ्या एका ग्रुपवर फोटो टाकला. लोक विचारायचे, ब्रीड काय? गावठी म्हटलं की संपलं. काहीजण म्हणाले, अहो सोडून द्या, गावठी कुठेही जगतो. त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथे लिहिता येणार नाही.

खरं सांगते, कोणी घेत नाही म्हणून मला आतून बरंच वाटत होतं. दार उघडल्यावर उठून माझ्याकडे येणारं या जगात तेवढंच एक होतं. तो गेला की किल्ली फिरवल्यावर आत नुसती फरशी.

कूलर लावला त्या आठवड्यात पहिल्यांदा ते झालं. मी पोतं सकाळी ओलं करून तसंच पसरून जायचे. दुपारपर्यंत त्याचा पापड होणार हे माहीत असूनही, मनाचं समाधान. त्या दिवशी घरी आले तर पोतं ओलं. थोडंथोडकं नाही, हात ठेवला तर तळवा भिजला. मला वाटलं कूलरची टाकी गळतेय. बघितलं तर टाकी कोरडी. कशी नसणार? वीजबिलाच्या भीतीनं मी जाताना कूलर बंदच करत होते, टाकीत पाणीही ठेवत नव्हते. मग वाटलं बंडूनं घाण केली. वास घेतला. लॅबमध्ये आयुष्य गेलंय, त्यात माझी चूक होणार नाही. साधं पाणी.

आणि चारही कडा आत दुमडलेल्या.

मी बराच वेळ फरशीवर बसून राहिले. मग स्वतःला बजावलं, बंडूनं पंजांनी ओढलं असेल, ओल दमटपणामुळे राहिली असेल. मे महिन्यात, नागपुरात, दमटपणा. बघा, माणूस घाबरला की स्वतःला काय काय पटवून देतो. दुसऱ्या दिवशी पोतं कोरडंच उचलून बाल्कनीतल्या दोरीवर टाकलं, बाल्कनीचं दार आतून बंद केलं आणि कामावर गेले. परत आले तर पोतं हॉलमध्ये, बंडूच्या पोटाखाली, ओलं. बाल्कनीचं दार आतून बंदच. मी कुलूप बदललं. काही फरक पडला नाही.

रडण्याची तक्रार मात्र थांबली होती. जिन्यात वंदनाकाकू भेटल्या आणि चक्क हसल्या.

"बरं झालं बाई, तुमच्याकडे काका आले ते. कुत्र्याचं रडणं बंद झालं न."

मी विचारलं, कोण काका?

"आता हे काय विचारणं झालं? काल मी कपडे वाळू घालून राहिली होती, तं ते बाल्कनीत पोतं पिळून राहिले होते. डोक्याले दुपट्टा बांधून. मी म्हटलं ऊन लागन तुम्हाले, तं नुसती मान हालवली."

मी हो म्हणाले. गावाकडचे आहेत म्हणाले. काय सांगणार? फोनमध्ये बाबांचा फोटो होता, तो काकूंना दाखवता आला असता. दाखवला नाही. हेच ते, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी पुढे काय करायचं होतं?

मग मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. दुपारी घरी थांबले. पोतं कोरडं पसरलं, बाजूला बादली भरून ठेवली आणि सोफ्यावर बसले. बाहेर कावळासुद्धा ओरडत नव्हता. बंडू पोत्यावर बसून एकटक बाल्कनीच्या दाराकडे बघत होता. मधूनच माझ्याकडे बघायचा, ही आज का घरी आहे, अशा नजरेनं. पोतं कोरडंच राहिलं. मी हळूच "बाबा?" अशी हाक मारली आणि माझाच आवाज ऐकून मला रडू कोसळलं. चार वाजून गेले, ऊन कललं, कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले आणि पोतं पुन्हा ओलं.

भीती तेव्हाच गेली. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं. राग म्हणा.

याच सुमारास लॅबमधल्या एकीनं तिच्या मावसबहिणीचं घर सुचवलं. मौद्याच्या अलीकडे एक गाव, मंदाताई नाव. मोठं अंगण, कडुनिंब, दोन म्हशी, सासूबाई दिवसभर घरात. त्यांचा जुना कुत्रा गेला होता आणि त्यांना गावठीच हवा होता. सगळं जुळत होतं. ॲग्रीमेंटची मुदत संपत आली होती, आणि क्लिनिकमधली वेळ वाढल्यामुळे मी घरी पोचायचे तेव्हा बंडू जेवणाची वाट पाहून झोपून गेलेला असायचा.

तरी मी दोन दिवस घातले. बंडूला दिलं तर पोतं ओलं करणाऱ्याचं काय, हा विचार सुटेना. पण घरमालकांना काय सांगू? माझे वारलेले वडील दिवसभर कुत्र्याजवळ असतात, तेव्हा काळजी नसावी? आणि ओल्या पोत्यासाठी कुत्रं ठेवायचं तर आधी ओल्या पोत्यावर विश्वास ठेवावा लागणार होता. मला ते जमेना. माझ्याजवळ बंडूला द्यायला वेळ नव्हता, मंदाताईंच्या अंगणात भरपूर होता. हे तर कोणालाही दिसत होतं.

रविवारी सकाळीच त्याला ऑटोतून घेऊन गेले. सगळ्या रस्त्यानं तो माझ्या मांडीवर मान टाकून होता. मंदाताईंनी भाकरी कुस्करून दुधात दिली. त्यानं खाल्ली, अंगण हुंगलं, म्हशीला एकदा भुंकून बघितलं. मी त्याच्या खाण्याचं, गोळ्यांचं सगळं सांगितलं. पोत्याचं काहीच सांगितलं नाही. वेडी समजतील म्हणून. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि थांबला. मागे धावला असता तर मी त्याला परत आणलं असतं, ॲग्रीमेंट गेलं खड्ड्यात. पण तो धावला नाही.

घरी आल्यावर पोतं उचलवेना. तसंच हॉलमध्ये राहू दिलं. सोमवारी रात्री येऊन हात लावला. कोरडं. मंगळवारी कोरडं. मग मीच जाताना बादली भरून ठेवू लागले, बाल्कनीचं दार उघडं ठेवू लागले. हसाल, पण एक दिवस खोक्यातून फोटो काढून टेबलावर ठेवला, घर ओळखता यावं म्हणून. रात्री बादली तशीच काठोकाठ आणि पोतं खरखरीत. वंदनाकाकूंनी विचारलं, काका गावाला गेले काय? मी म्हटलं, हो.

पंधरवडा झाला असेल, मंदाताईंचा फोन आला. मी क्लिनिकमध्ये होते. बंडू मजेत आहे, म्हशींशी दोस्ती झाली, वजन वाढलं, असं सगळं सांगून झालं. मग त्यांनी विचारलं,

"ताई, एक विचारू काय? ते बुढेबाबा तुमच्या नात्यातले हायेत काय वं?"

मी पेशंटची फाइल खाली ठेवली. त्या सांगत होत्या, रोज दुपारी एक म्हातारा येतो. फाटक वाजत नाही, पण बघावं तर बंडूजवळ बसलेला. गोठ्यातलं ढेपेचं, म्हणजे म्हशींच्या पेंडीचं, रिकामं पोतं हौदात भिजवतो आणि कडुनिंबाखाली अंथरून देतो. सासूबाईंनी दोनदा चहा विचारला तर हातानंच नको म्हणाला. त्रास काही नाही, पण इतक्या उन्हात म्हातारा माणूस जातो-येतो कसा, याची त्यांना काळजी. बंडूला ओळखतो, म्हणजे तुमच्याकडचाच असणार, असा त्यांचा हिशेब.

मी विचारलं, काही बोलतात का?

"बोलतात न. बंडूशीच बोलत राहतात सारी दुपार. आमच्या बुढीले तं हसू येते."

माझ्याबद्दल काही विचारतात का, हे मला विचारायचं होतं. ते विचारलं नाही. खोटं बोलून मोकळी होऊ शकले असते, मी ओळखत नाही, फाटकाला कडी लावा, असं. पण मी म्हणाले, ते माझे वडील आहेत. येऊ द्या त्यांना. त्यांना अडवू नका.

ते हयात नाहीत हे मंदाताईंना ठाऊक नव्हतं, आणि मीही सांगितलं नाही. मग त्यांनी अगदी सहज, मायेनंच विचारलं —

"मंग तुमच्यापाशी काहून नाही राहत ते?"

इथे पुष्कळ जाणकार आहेत, वाचणारे आहेत. पोतं कसं ओलं व्हायचं, बंद दारातून कोण यायचं, बेशातल्या आणि मौद्याजवळच्या दोन अनोळखी बायकांना एकच माणूस कसा दिसला, याचं काही ना काही स्पष्टीकरण तुम्ही द्याल. मला एकही सापडलेलं नाही, आणि खरं म्हणजे मी आता शोधतही नाही. मंदाताईंनी विचारलं तेवढंच कोणाला माहीत असेल तर सांगा.