चाखणं म्हणजे खाणं नव्हे

स्वयंपाक करणाऱ्या माणसाला जेवायला वेळ नसतो, हे बस डेपोच्या कॅन्टीनमधल्या काकू छातीठोकपणे सांगत. सकाळी सहाला चार शेगड्या पेटायच्या, साडेअकराला ड्रायव्हर-कंडक्टरांची पहिली रांग लागायची, तीनला शेवटचं पातेलं घासायला पडायचं, आणि तोवर काकूंच्या पोटात म्हणे दोन कप चहाखेरीज काही गेलेलं नसायचं. ऐकणारा हळहळायचा. काकूंना ती हळहळ आवडायची.

नवरा अकाली गेल्यावर त्या इथे भांडी घासायला लागल्या होत्या. एके दिवशी तिथला आचारी कुणाला न सांगता चालता झाला. दीडशे माणसं जेवायची होती आणि मॅनेजर डोक्याला हात लावून बसला होता. काकूंनी हात धुतले, पळी उचलली, आणि त्यानंतर सव्वीस वर्षं ती त्यांच्या हातून कुणी घेतली नाही. मोजमाप त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सगळा कारभार जिभेवर. पळीभर रस्सा वाटीत घ्यायचा, फुंकर मारायची, भुरकायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "चिमूटभर कमी आहे." मग मीठ, मग पुन्हा पळी, पुन्हा वाटी. "काकूंची जीभ म्हणजे डेपोचं घड्याळ," असं ड्रायव्हर म्हणत. डेपोचं घड्याळ वीस मिनिटं मागे होतं, पण काकूंना हे कौतुकच वाटायचं.

चौसष्टाव्या वर्षी घराचा एक मजला चढताना त्यांना दोनदा थांबावं लागलं, तेव्हा मुलाने त्यांना दवाखान्यात नेलं. रक्तदाब चांगलाच वर होता, आणि त्या दाबापुढे रक्त ढकलून ढकलून हृदय थकत चाललं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि मीठ तोडायला लावलं. गोळ्या काकूंनी चुकवल्या नाहीत. चालणंही सुरू केलं, कुरकुरत का होईना. घरी सून त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यात अळणी शिजवू लागली, आणि तोंड वाकडं करत का होईना, काकू ते खात. दोन महिन्यांनी पाहिलं तर आकडा जागचा हलला नव्हता.

"मीठ खाताय कुठेतरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कणभर नाही. घरात अळणी, आणि कॅन्टीनमध्ये मी जेवतच नाही."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. "एक महिना देते. आकडा खाली आला नाही तर काम सोडायचं. शेगडीपुढे आठ-आठ तास उभं राहणं या हृदयाला झेपायचं नाही."

हृदयाचं ऐकून काकू घाबरल्या नव्हत्या. काम सोडायचं ऐकून घाबरल्या. घरात राज्य सुनेचं होतं. तिथे काकू म्हणजे एक खुर्ची, एक ताट आणि गोळ्यांची डबी. डेपोत त्यांच्यावाचून दीडशे माणसांचं अडत होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं.

मग चोर कोण? काकूंचा संशय सरळ सुनेवर गेला. लेकी बोले सुने लागे या न्यायाने त्या शेजारणीला, घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "अळणी म्हणून वाढतात हो, पण काहींचा हात सैल असतो." सून रंगाच्या दुकानात कामाला होती. कुठल्या डब्यात किती थेंब टाकले की गिऱ्हाइकाच्या भिंतीचा रंग जुळतो, हे मोजण्यात तिचा दिवस जाई. सैल हाताचं बोलणं तिला मिरचीसारखं झोंबलं. तिने मिठाची बरणी उचलली, काकूंच्या कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि किल्ली सासूच्या हातात दिली.

"आता आकडा उतरला नाही तर मला बोलायचं नाही, आई."

दहा दिवस गेले, आकडा उतरला नाही. काकू बोलल्या नाहीत, पण संशयही सोडला नाही.

अकराव्या दिवशी त्या गोळ्यांची डबी घरी विसरल्या. सुनेला सुट्टी होती, म्हणून ती डबी घेऊन डेपोत आली आणि भटारखान्याच्या दारातच थांबली. काकू शेगडीपुढे होत्या. पळी, वाटी, फुंकर, भुरका. कोबी चिरणाऱ्या बाईला काहीतरी सांगितलं, दुसऱ्या पातेल्याकडे वळल्या, पुन्हा पळी, वाटी, भुरका. सून बराच वेळ बघत राहिली.

"आई, तुम्ही खाताय."

काकू दचकल्या. "खातेय कुठे? चाखतेय."

"मग गिळता कशाला?"

"अन्न काय थुंकू? काहीतरीच बाई तुझं!"

सुनेने एक रिकामा पेला घेतला आणि त्याच पळीने त्यात पाणी ओतलं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं तितक्या वेळा. नऊ पळ्या. पेला काठोकाठ भरला. अजून साडेदहाही वाजले नव्हते. कोबी चिरणारी बाई तोंडाला पदर लावून हसू लागली, आणि काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं की हसू पदरातच राहिलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. काकूंना मनापासून लाज वाटली. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण संध्याकाळी कपाटाची किल्ली त्यांनी आपणहून सुनेपुढे ठेवली.

"चाखायचं नाही, तर मी रांधायचं कसं?" त्यांनी विचारलं. प्रश्न खरा होता, आवाजही पडलेला होता.

"मोजून."

"मी काय रंग कालवते?"

"रंगसुद्धा कुणी चाटून बघत नाही, आई."

सुनेने एक छोटा वजनकाटा आणून दिला. तीन दिवस काकूंनी नेहमीसारखंच चाखून मीठ घातलं, आणि कोबीवाली बाई मिठाचा डबा आधी आणि नंतर काट्यावर ठेवत गेली. तिन्ही दिवसांत फरक म्हणाल तर चमचाभराचा. चौथ्या दिवसापासून तेवढंच मीठ मोजून घालायचं आणि वाटी फळीवर पालथी ठेवायची, असं ठरलं.

महिनाअखेरीस आकडा उतरला आणि डॉक्टरीणबाईंनी काम सोडायचा विषय पुन्हा काढला नाही. पण काकूंच्या लेखी निकाल त्या चौथ्या दिवशीच लागला होता.

त्या दिवशी त्यांचा हात चार वेळा वाटीकडे गेला आणि चार वेळा परत आला. आपण काय शिजवलंय हे त्यांना सव्वीस वर्षांत प्रथमच माहीत नव्हतं. रांग लागली तशा त्या वाढायच्या खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या. पहिल्या टेबलाशी सगळ्यात जुना ड्रायव्हर बसला होता. पाण्यातही खोट काढणारा माणूस. त्याने रस्सा भातावर ओतला, कालवला, चार घास खाल्ले. काकूंना राहवेना.

"कसा झालाय रस्सा?"

ड्रायव्हरचा घास हातात राहिला. काकूंनी असं कधी विचारलं नव्हतं. "का? काय झालं?"

"काही नाही. सांग ना."

"रोजच्यासारखा आहे की," तो म्हणाला आणि जेवू लागला.

काकूंचा जीव भांड्यात पडला. नोकरी वाचली होती. आणि त्याच क्षणी त्यांना फार वाईट वाटलं. रोजच्यासारखा. म्हणजे मिठाचा अंदाज हाताला केव्हाचाच होता. ज्या जिभेच्या जोरावर त्या डेपोत ताठ मानेने वावरल्या, तिच्यावाचून कुणाचं काहीच अडलं नव्हतं.

त्या आत आल्या. कोबीवाली बाई सुरी थांबवून वाट बघत होती.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आज काहीतरी कमी पडलंय."

"अगं बाई! मग चाखून बघता का एकदा?"

"नको," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.