वास्तुशांत न झालेला फ्लॅट

परवा गुरुवारी सकाळी मखमलाबादचा भाड्याचा फ्लॅट सोडायला निघाले होते. घरमालकांकडे किल्ली द्यायला गेले... आणि किल्ली घेऊनच परत आले. तेव्हापासून कुणाशी धड बोललेले नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही दोघंच. मी आणि अप्पा, माझे वडील. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले, आणि गेली काही वर्षं फुप्फुसांनी पार हात टेकलेले. नाशिकरोडला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो, लिफ्ट नाही. एकदा वर चढलेला माणूस दीड वर्ष खाली उतरला नाही हो.

लिफ्टवालं घर शोधायला लागले तेव्हा कळलं, आजारी म्हाताऱ्याला कुणी घर देत नाही. तोंडावर नाही म्हणत नाहीत... "कळवतो" म्हणतात. एकाने तर अप्पांना लागलेली धाप बघितली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "किती दिवस काढतील?" माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून मी सरळ खोटं बोलायला लागले.

मखमलाबादला एजंटने "डेव्हलपिंग एरिया" म्हणून हा फ्लॅट दाखवला. म्हणजे रस्ता अर्धा, पाणी टँकरचं, आणि समोर फ्लॉवरचं शेत. पण लिफ्ट होती! मालक रामभाऊ. त्यांच्याच जमिनीवर बिल्डिंग उभी राहिली, बदल्यात त्यांना फ्लॅट मिळाले. ते स्वतः शेजारच्या जुन्या घरात राहतात आणि उरलेलं शेत करतात.

अ‍ॅग्रीमेंटच्या दिवशी रामभाऊ म्हणाले, "ताई, एक सांगतो. ह्या घराची वास्तुशांत राह्यली हाय. पोराचं लग्न झालं का करू. तवर घरात काय वाईट व्हायला नको." मग अप्पांच्या तब्येतीचं विचारलं. मी म्हटलं, "ठणठणीत आहेत." आणि घरात काही वाईट होणार नाही, असा शब्द देऊन बसले.

ऑक्सिजनचं मशीन गोधडीत गुंडाळून वर नेलं. वॉचमनला सांगितलं, कूलर आहे. मशीनची घरघर ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठ्याने लावायचा... आठ महिने हा तमाशा चालला.

अप्पा मात्र खूश होते. मी कामावर गेले की लिफ्टने खाली जायचे, बांधावर खुर्ची टाकून रामभाऊंशी गप्पा मारायचे. तेवढा अर्धा तास मशीनशिवाय निघायचा. मला एकच धास्ती, हे काही बोलून तर बसणार नाहीत ना! तर मला म्हणायचे, "अगं, रामभाऊ काही म्हणणार नाहीत, तू उगाच घाबरतेस." मी खेकसायचे, "तुम्हाला काय कळतंय अप्पा? गप्प बसा ना जरा." एकदा नाही, तीनदा असंच झालं.

गेल्या महिन्यात त्यांना अ‍ॅडमिट केलं. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, इथे ठेवून उपयोग नाही. अप्पांना बोलवत नव्हतं, पण माझा हात धरून म्हणाले, "घरी चल." मी म्हटलं, "अजून दोन दिवस अप्पा, जरा बरं वाटू दे."

बरं वाटणार नव्हतं, हे मला माहीत होतं. मी शब्द पाळत होते, दुसरं काही नाही. रविवारी सकाळी ते तिथेच गेले, पडदे लावलेल्या त्या खाटेवर. वॉचमनला फोन करून म्हटलं, अप्पा गेले, आता दूध घेऊ नका. आणि हॉस्पिटलमधून थेट अमरधामला... घराचा उंबरासुद्धा दाखवला नाही मी त्यांना.

अख्ख्या महाराष्ट्रातून लोक आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. मी इथलीच, आणि माझ्या बापाला घरात मरायची चोरी! तिसऱ्या दिवशी रामकुंडावर उभी राहून मी रामभाऊंना मनात काय काय शिव्या दिल्या, ते इथे लिहिता येणार नाही.

गुरुवारी किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. ते किल्लीकडे बघेचनात. म्हणाले, "ताई, अप्पांना घरी का नाय आणलं?"

मी ताडकन म्हटलं, "तुम्हाला शब्द दिला होता ना!"

त्यांनी किल्ली माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "अवो, अप्पांनी मला पह्यल्याच महिन्यात सगळं सांगितलं व्हतं. अन् थंडीत कूलर कोण चालवतं, ताई? मी त्यांना म्हणलं व्हतं, घर तुमचंच हाय, शेवटपर्यंत ऱ्हा. रविवारी वॉचमननी सांगितलं, तवा आम्ही गाड्या बाह्यर काढल्या, पार्किंग धुऊन घेतलं, सतरंज्या टाकल्या. दुपारपर्यंत वाट पाह्यली... तुम्ही आलाच नाय."

मी किल्ली परत उचलली.

रामभाऊंच्या बायकोने, काकूंनी, आतून पाणी आणलं आणि हळूच विचारलं, "दिवा लावला का गं वर?" कुठला लावणार! वास्तुशांत न झालेल्या घरात सुतकाचा दिवा कसा लावायचा, म्हणून मी चार दिवस अंधारात ठेवलं होतं अप्पांना. काकू आत गेल्या. पणती, तेल, वात घेतली आणि माझ्याबरोबर वर आल्या. गॅलरीच्या दारापाशी, अप्पांची खुर्ची असायची तिथे, त्यांनी स्वतःच्या हाताने दिवा लावला.

दिवा आत्ताही चालू आहे. दहाव्यापर्यंत तेल घालायला काकू रोज येणार म्हणाल्यात. रामभाऊ, काकू, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

आणि अप्पा... तुम्ही तीनदा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा तुम्हालाच गप्प केलं.