पडद्यामागची पावरी

धुळ्याच्या कॉलेजातल्या आमच्या बँडच्या जुन्या टेपा नातवाने काल एका सीडीवर ओळीने उतरवून दिल्या. पहिल्या गाण्यात आमच्यातल्या सुकदेवची पावरी, ते भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, गिटारच्याही पुढे धावते. शेवटच्या गाण्यात मात्र ती फार लांबून ऐकू येते.

ते गाणं जळगावच्या कार्यक्रमातलं. आम्ही सगळे बेलबॉटममध्ये, सुकदेव धोतरात. मीच म्हणालो, "तू पडद्यामागे बस. आपला आवाज आता बदललाय."

त्याला वाटलं, पावरी फार मोठ्याने वाजते म्हणून मी सांगतोय.

"भाऊ, मी हळू वाजाडसू ना," तो म्हणाला. लाज मला त्याच्या धोतराची वाटत होती. तो पडद्यामागे गेला आणि तिथेही हळूच वाजवत राहिला.

"आजोबा, मागे हे कोण वाजवतंय? काय भारी आहे!" नातवाने विचारलं.

"असेल कुणीतरी," मी म्हणालो.