आत्याचे हात बाजारात

माझ्या मानेवर डाव्या बाजूला कोड उमटलं तेव्हा ते चिंचोक्याएवढं होतं. बातमी जठारपेठेत पोचली तोवर ते ताटाएवढं झालं, अकोटला मी नखशिखांत पांढरी झाले, आणि मोर्शीच्या नातेवाइकांनी तर मला थेट विलायतेची मडम करून टाकलं.

अकोल्यात नदीकाठी आमचा भाजीचा मळा. तोडणी विधवा आत्याची, विक्री बाबांची नि माझी. मी ओरडले की बाजारातले बैल दावं तोडायचे आणि गिऱ्हाईक जागच्या जागी थांबायचं. म्हणून गोणपाटावरची पुढची जागा माझी. एके दिवशी आमच्या नेहमीच्या वकिलीणबाईंनी माझ्या हातातून वांगं घेतलं, मान पाहिली आणि वांगं टाकून दिलं. त्यांच्यामागे आणखी चौघी गेल्या.

बाबा घरी येऊन म्हणाले, “पोरी, आता तू घरीच बस. तुह्यापायी धंदा बसून राहिला.”

“जागा सोडणार नाही,” मी म्हटलं. “आधी हे कावून झालं ते तर समजू द्या!”

कारणं सांगायला अख्खी आळी तयार. कोणी म्हणालं दुधावर मासा खाल्ला. मासा मी फक्त नदीतच पाहिलेला. कोणी मागच्या जन्मीचं पाप काढलं. एकीने पांढरी भाजी बंद केली, तर महिनाभर मी मुळ्याकडे पाठ करून जेवले. मग कोडावरचं औषध म्हणून बावचीचं बी वाटून लावलं आणि उन्हात बसले. लिंबाएवढे फोड आले, कोड मात्र मजेत होतं.

शेवटी आत्याला घेऊन अमरावतीचा डॉक्टर गाठला. त्याने मान उलटसुलट पाहिली.

“कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचं काम थांबलं आहे. तुझं एकाच बाजूला आहे, म्हणजे त्या बाजूच्या मज्जातंतूंचा संबंध असावा. दोन्ही अंगांना सारखं येतं तो प्रकार निराळा. तो घासतं, खरचटतं तिथे आधी दिसतो. खरं मूळ मलाही ठाऊक नाही, बाई.”

“दुसऱ्याले लागते काय?” आत्याने विचारलं.

“अजिबात नाही.”

(त्या दुसऱ्या प्रकारात शरीराचे राखणदारच घरच्या रंगाऱ्यांना चोर समजून मारतात, असं डॉक्टर आता सांगतात. तेव्हा हे कोणाला माहीत!)

आत्याने पदराखालचे हात बाहेर काढले. विळ्याची मूठ नि काटेरी देठं घासून घासून दोन्ही हातांची बोटं पांढरी झालेली. म्हणून तर वीस वर्षं तिला मळ्यातच ठेवलं होतं. घरात सगळ्यांना ठाऊक, बाजारात कोणालाच नाही. डॉक्टरने तिचे हात पाहून मान हलवली. हाच तो दुसरा प्रकार.

परतताना आत्या म्हणाली, “पुढच्या बाजाराले मीबी येतो.”

बाबांनी हातपाय आपटले. आत्याने ऐकलं नाही. बाजाराच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसली, बाह्या वर सारून. वकिलीणबाई लांबूनच जाऊ लागल्या तशी मी अशी आरोळी ठोकली की बडनेऱ्याची गाडी थांबली असावी.

“बाई, ही वांगी वीस वर्षं आत्याच्या याच हातानं तोडली! तुमच्या घरी कोणाले आलं काय?”

बाई थबकल्या. मनातल्या मनात सासू, नवरा, पाच मुलं, सगळी तपासून झाली.

“नाही... पण मग आजवर सांगितलं का नाही?”

“तुमी वांगं कवळं हाय का तेच इचारत होत्या,” आत्या म्हणाली. “माहे हात कोनी इचारले?”

बाई हसल्या नाहीत. दोन वांगी मात्र दाबून पाहिली आणि पिशवीत टाकली. बाकीच्या फिरकल्याही नाहीत. अर्धी टोपली परत आली. आम्ही दोघींनी ती वाहून घरी आणली, बाबा गोणपाट गुंडाळून मागून आले.

पुढच्या बाजाराला ते आमच्या आधी निघाले. आम्ही पोचलो तर पुढच्या जागेवर एकाशेजारी एक दोन गोणपाटं अंथरलेली.

“बसा,” बाबा म्हणाले. “अन् आवाज जरा मोठा येऊ द्या.”