रांगेत न आलेले हात

तुमची नखं शेवटची कोणी तपासली होती? शाळेत, बाईंनी, प्रार्थना झाल्यावर. बरोबर ना?

माझी तपासली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. नाशिकमधल्या एका खाजगी दवाखान्यात, हाडांच्या वॉर्डाबाहेर, सकाळी भेटीच्या वेळेत. नातेवाईक डबे घेऊन उभे होते आणि आम्ही नऊ जण भिंतीला पाठ लावून रांगेत. सफाईवाले. सात बायका, दोन पुरुष. आडनावं सांगू? नको. तुम्ही ओळखलीत.

वॉर्डातल्या तीन पेशंटच्या टाक्यांत पू झाला होता. ऑपरेशन नीट झालेलं, आणि घरी जायच्या वेळेला ताप. जखम लाल. वरच्या मजल्यावर मीटिंग झाली आणि ठरलं की सफाईवाल्यांच्या हातांचे स्वॅब घ्यायचे. कापूस लावलेली काडी तळहातावर, बोटांच्या बेचक्यात फिरवायची, नळीत घालून लॅबला पाठवायची. कोणते जंतू निघतात ते बघायचं.

सिस्टर काड्या घेऊन उभी होती. तिच्या आधी अ‍ॅडमिन सरांनी आमची नखं बघितली. हाताने नाही. खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकाने एकेकीचं बोट वर उचललं. बाजारात माणूस वांगंसुद्धा हाताने उलटून बघतो.

"ह्याच का त्या?" डबा घेऊन आलेल्या एका बाईने विचारलं.

बाईने डबा छातीशी धरला आणि दोन पावलं मागे सरकली.

माझ्या शेजारी सुनंदामावशी होत्या. दवाखाना उघडला तेव्हापासून त्या तिथे होत्या. पेन त्यांच्या बोटाला लागलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मी काय केलं? मीही हात पुढे केले. उलटे, मग सुलटे. सांगितलं तसे.

आम्ही हात कुठे धुवायचो ते ऐका. वॉर्डाच्या तोंडाशी बेसिन आहे. कोपराने उघडायचा नळ, भिंतीला साबणाची बाटली, वर हात धुण्याच्या सात पायऱ्यांचा रंगीत तक्ता. ते बेसिन आम्हाला बंद. लेखी नाही. लेखी काहीच नसतं. "तुम्ही तिथं धुतलं की पेशंटला कसंतरी होतं," असं सुपरवायझर सांगायचा. आम्ही मागच्या खोलीत धुवायचो, जिथे बेडपॅन विसळतात आणि मॉप पिळतात. एकच नळ. साबण म्हणून फरशीची पावडर. पेशंटच्या खाटेला अडकवलेल्या सॅनिटायझरकडे हात गेला की लगेच आवाज यायचा, "मावशी, ते तुमच्यासाठी नाही."

एकदाच ते बेसिन आम्हाला उघडलं. बाहेरून तपासणीला लोक आले होते, दवाखान्याला स्वच्छतेचं प्रमाणपत्र मिळायचं होतं. सातही पायऱ्या मला पाठ होत्या म्हणून मलाच उभं केलं. तळव्यावर तळवा, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, मनगट. सगळं करून दाखवलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याच बेसिनवर गेले, तर सुपरवायझर म्हणाला, "काल झालं ना तुझं?"

स्वॅबचा रिपोर्ट आला. सुनंदामावशींच्या हातावर जंतू सापडले. त्यांचं नाव नोटीस बोर्डावर लागलं, औषधांच्या जाहिरातीशेजारी. "उद्यापासून येऊ नका" एवढंच सांगितलं. त्यांनी एप्रन घडी करून दिला.

मी सिस्टरला एकटीला गाठून विचारलं. ती खाली बघत म्हणाली, "अगं, काडी फिरवली तर कोणाच्याही हातावर काहीतरी सापडतंच. माझ्यासुद्धा."

"मग तुमचा का नाही घेतला?"

ती निघून गेली.

त्या रविवारी मी नाशिकरोडला मावशींच्या घरी गेले. सून भाकऱ्या थापत होती. मावशी खाटेवर, हात पदरात गुंडाळून.

"चहा करा की मावशी. तुमच्या हातचा."

"नको गं. माझ्या हातचं नको."

सून माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "आठ दिवस झाले, पिठाला हात लावत नाहीत. नातीला उचलत नाहीत."

मग मावशींनी विचारलं, "पोरी, त्या तीन माणसांचं माझ्यामुळंच झालं का गं?"

नोकरी गेल्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्या घरात बसून स्वतःला दोषी ठरवत होत्या. काडी त्यांच्या तळहातावर फिरवली होती, पण घाव आत गेला होता. आणि त्यांना "नाही" म्हणून सांगू शकणारी एकच व्यक्ती त्या घरात होती. मी. कारण मी बघितलं होतं.

मोठे डॉक्टर रोज राउंडला यायचे. मनगटावर लाल दोरा, घड्याळ, बोटात पुष्कराजाची अंगठी. चार नंबरच्या खाटेवरची पट्टी सोडायचे, जखम दाबून बघायचे. तसेच पाच नंबरला. तसेच सहाला. मधेच फोन. सिस्टर सॅनिटायझरची बाटली घेऊन मागे पळायची. "नंतर, नंतर." पू झालेले तिन्ही पेशंट त्याच ओळीतले. मी फरशी पुसत असायचे. बघायचे आणि पुढे सरकायचे.

माझे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटावर राख उपसायचे. गेटवरच्या सभेतून पत्रकं घरी आणायचे, आणि मी वाचायला शिकले तीच वाचून. अन्यायाविरुद्ध बोला, संघटित व्हा. सगळं पाठ. सात पायऱ्यांसारखंच पाठ. आणि वॉर्डात तोंड बंद. मावशींचं नाव बोर्डावर लावण्यात माझ्या गप्प बसण्याचाही हात होता. हे लिहिताना मी स्वतःला सोडणार नाही.

"तुमच्यामुळं नाही झालं मावशी," मी म्हणाले. त्यांनी विश्वास ठेवला नाही. घरात सांगून उपयोग नव्हता. जिथे नाव लावलं तिथे सांगायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा रांग लागली. आणखी एकाच्या जखमेत पू झाला होता. मावशी तर कधीच्या गेल्या होत्या. तरी रांग आमचीच. तीच भिंत, तेच पेन. मोठे डॉक्टर राउंड अर्धा टाकून दारात उभे, गंमत बघायला.

सिस्टर माझ्यासमोर आली. मी हात मागे घेतले.

"हात पुढे," अ‍ॅडमिन सर म्हणाले.

"करते. आधी मोठ्या सरांचा घ्या. मग माझा."

"काय बोललीस?"

"संसर्ग जखमेला झालाय सर. आम्ही हात फरशीला लावतो. जखमेला कोण लावतं?"

डॉक्टर हसले. "आता मॅडम आम्हाला मायक्रोबायोलॉजी शिकवणार." दोनचार नातेवाईकही हसले.

"शिकवत नाही सर. सांगते. आत्ता तुम्ही चार नंबरची पट्टी सोडलीत. मग पाच नंबरची. मधे हात धुतले नाहीत."

हसणं थांबलं. डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "तुझी लायकी काय गं?"

"सर, लायकी नाही, स्वॅब मागितला."

"आयकार्ड काढ," अ‍ॅडमिन सर ओरडले. "निघ. आत्ताच्या आत्ता." मी गळ्यातून काढलं आणि त्यांच्या पेनावर अडकवलं. रांगेतल्या बाकीच्या सातांनी माना खाली घातल्या होत्या. मी त्यांना दोष देत नाही. सिस्टरने काडी न वापरता नळीत परत घातली.

डॉक्टर तणतणत वॉर्डात शिरले आणि सहा नंबरच्या खाटेपाशी गेले. तिथे इगतपुरीकडचे एक बाबा होते. भातखाचरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलेलं. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी पट्टीला हात घातला तसा बाबांनी पाय चादरीखाली ओढला.

"हात धुवा ना साहेब आधी. आमच्याकडं गाय व्यायला लागली तरी आम्ही हात धुतल्याबिगर जवळ जात नाय."

मग डॉक्टर चक्क हसले. "बरोबर आहे बाबा तुमचं." बेसिनवर गेले. अंगठी काढली, घड्याळ काढलं, साबण लावला.

मी हातात पिशवी घेऊन हे बघत होते. मागणी एकच होती. माझ्या तोंडून आली तर उर्मटपणा. बाबांच्या तोंडून आली तर पेशंटची सूचना. माझी नोकरी गेली, त्यांना "बरोबर आहे" मिळालं. जंतू कोणाच्याही हातावर बसतात. दोष कोणाच्या हातावर ठेवायचा, ते मीटिंगमध्ये आडनावं बघून ठरतं.

सुनंदामावशींना परत घेतलं नाही. बोर्डावरचं त्यांचं नावही कोणी काढलं नाही, माझं मात्र खाली वाढवलं. मावशींनी अजून कणीक मळलेली नाही. त्यांना धीर देणारं माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे पत्रकं आहेत, माझी मी लिहिलेली. दवाखान्यांच्या मागच्या दारांशी, पाळी सुटायच्या वेळी, मी ती वाटते. त्यांत एकच ओळ ठळक आहे: पुढच्या बेसिनवर हात धुवा, एकटी नाही, सगळ्या मिळून. मी पुन्हा कोणासमोर हात उलटेसुलटे करणार नाही, आणि जे बघते ते बोलल्याशिवाय राहणार नाही.

आमचं बोलणं आम्हाला दाराबाहेर काढतं. तुमचं काढत नाही, कारण तुम्ही पेशंट आहात, तुम्ही नातेवाईक आहात. म्हणून तुम्हाला सांगते. दवाखान्यात गेलात तर पट्टीला हात लागण्याआधी "हात धुतले का?" असं मोठ्याने विचारा, समोर कितीही मोठा डॉक्टर असो. आणि तिथेच थांबू नका. तुमच्या खाटेखालची फरशी पुसणाऱ्या बाईला विचारा, "मावशी, तुम्ही हात कुठं धुता?" ती गप्प बसेल. मग तिच्याबरोबर मागच्या खोलीपर्यंत चालत जा, तो नळ बघा, आणि तिला सोबत घेऊन पुढच्या बेसिनवर या.