चिमटाबाईची पाण्याची पिशवी

रक्तपेढीत तिला सगळे चिमटाबाई म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. वापरायला काढलेली प्रत्येक रिकामी पिशवी ती आधी उजेडासमोर धरायची, मग तिच्या चारही कडा अंगठा आणि पहिल्या बोटात धरून चिमटत जायची. एक कड, दुसरी कड, तिसरी, चौथी. कारखान्यातून तपासून आलेल्या पिशव्या पुन्हा कशाला तपासायच्या, असं नवीन लागलेल्या माणसांना वाटायचं. ती आपली चिमटत राहायची. एकतीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या पिशवीतून एक थेंबही गळला नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी भाषणात साहेबांनी एवढी एकच गोष्ट सांगितली. त्यांना दुसरं काही आठवलंही नसावं.

लग्नाच्या भानगडीत ती पडली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक खिडकी, आणि कुठल्याही गोष्टीचा छडा लावल्याशिवाय गप्प न बसणारं डोकं, एवढा तिचा संसार. निवृत्तीनंतर त्या डोक्याला काम उरलं नव्हतं. दुधाच्या पिशवीची कड कुठे कच्ची असते हे तिने शोधून काढलं, ते दूधवाल्याला ऐकवलं, आणि दूधवाला तेव्हापासून पिशवी दाराशी ठेवून घंटी न वाजवताच जाऊ लागला.

काम मिळालं ते ताईमुळे.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. ती शाळेत ग्रंथपाल होती. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर एका तळ्याचा फोटो लावलेला होता. तळं डोंगराच्या पलीकडे, दोन दिवसांच्या पायवाटेवर. त्या फोटोकडे पाठ करून ताईने पुस्तकं देण्याघेण्यात उभा जन्म काढला, आणि आता तिला ते तळं एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. अडचण तिच्या मूत्रपिंडात होती. दोनदा खडे झालेले, दोनदा काढलेले. डॉक्टरांनी चालायला हरकत घेतली नाही, पण दिवसाला तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, असं बजावलं. त्यात कसूर झाली आणि डोंगरात कळ उठली, तर तिथून उचलून आणायला कोणी येणार नाही, हेही सांगितलं. भाऊजींनी हे ऐकलं आणि फोटोत दिसतंय तेवढं तळं पुरे म्हणाले. ताई उठून भांडी आवरायला लागली. ती अशी मध्येच आवरायला उठली की धाकटीला राहवायचं नाही, लहानपणापासून.

"भाऊजी, पाण्याची जबाबदारी माझी," धाकटी म्हणाली. "तिला एक घोटसुद्धा कमी पडला तर मला बोला."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं आणि नाइलाजाने मान डोलावली.

झालं. धाकटीच्या डोक्यात भुंगा शिरला. दुसऱ्या दिवशीची वाट चढाची, तळ्यापर्यंत सात तासांची. दोघींची वयं आणि धाकटीचा खांदा बघता सगळ्या दिवसाचं पाणी मुक्कामावरून लादून नेणं शक्य नव्हतं. दोन लिटर घेऊन निघायचं आणि अर्ध्या वाटेवर नकाशात झरा दाखवला होता, तिथे पुन्हा भरायचं, असा बेत ठरला. त्यासाठी हवी होती घडीची पिशवी. रिकामी झाली की मुठीत मावणारी, कागदासारखी हलकी, आणि अर्थातच न गळणारी.

गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान तिच्या घरापासून चार गल्ल्या सोडून होतं. दुकानदार बोलका माणूस. त्याने काउंटरवर चार नमुने मांडले आणि प्रत्येकाची महती सांगायला सुरुवात केली. चिमटाबाईने ती ऐकली नाही. तिने पहिली पिशवी उचलली आणि कडा चिमटायला घेतल्या. त्याची टकळी मध्येच थांबली. गिऱ्हाईकं पिशव्यांचा वास घेतात, वजन करतात, हे त्याने बघितलेलं. पण डोळे मिटून शिवण चाचपणारी बाई त्याला नवीन होती. परत करण्याच्या बोलीवर चारही नमुने घेऊन ती घरी आली.

त्यानंतरचे पंधरा दिवस तिच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे ती स्वतः कबूल करेल. हार्मोनियमच्या भात्यासारखी दुमडणारी जाड बरणी पहिल्याच दिवशी बाद झाली, कारण दुमडीच्या रेघेवर प्लास्टिक पांढरं पडायला लागलं होतं, आणि पांढरं पडलेलं प्लास्टिक उद्या चिरणार हे तिला न शिकवता कळत होतं. रबरासारखी गुंडाळता येणारी बाटली मजबूत होती, पण एकटीचं वजन पावणेदोनशे ग्रॅम, शिवाय तिच्यात ठेवलेल्या पाण्याला नवीन चपलेच्या खोक्याचा वास येई. उरल्या दोन. एक रुंद तोंडाची, पोत्यासारखी वरून दुमडून चाप लावायची. दुसरी पातळ, पारदर्शक, वर बाटलीसारखं चिंचोळं तोंड आणि फिरकीचं टोपण. वजन चाळीस ग्रॅम.

त्या दोघींचे तिने हाल केले. भरून आडव्या ठेवल्या, वर शब्दकोश ठेवला, शब्दकोशावर लाटणं-पोळपाट, मग ती स्वतः बसली. पिशव्यांखाली कोरा टिपकागद अंथरलेला. सकाळी आठ ते संध्याकाळी आठ, दर तासाला ती ओणवी होऊन कागद तपासायची. रुंद तोंडाच्या पिशवीखाली बारा तासांनी तीन डाग निघाले. चिंचोळ्या तोंडाच्या पिशवीखाली कागद कोरा. तिने ती पिशवी उजेडासमोर धरली आणि तिला खरोखर माया वाटली. ही तिच्या जातीची पिशवी होती.

ताईला फोन करून तिने निकाल सांगितला. ताई म्हणाली, तीन डाग म्हणजे काय पूर आला का? धाकटीला ते आवडलं नाही.

वजनाचं वेड एकदा लागलं की ते थांबत नाही. चहाचा पेला घरी राहिला, डबे राहिले, खाणं कागदात बांधलं. ताईने लपवून घेतलेली अर्ध्या लिटरची बाटलीही तिने काढायला लावली. एक पिशवी दोघींना पुरे.

पहिला दिवस छान गेला. मुक्कामाच्या घरी नळ होता, तोटीखाली पिशवी धरली की ती टम्म फुगायची, आणि धाकटी तिच्याकडे कौतुकाने बघायची. दुसऱ्या दिवशी चढ लागला. ऊन वाढलं. धाकटी दर अर्ध्या तासाला ताईला थांबवून पाणी पाजत होती, स्वतः ओठ ओले करत होती. दुपारपर्यंत पिशवी रिकामी झाली आणि ती निश्चिंत होती, कारण झरा समोर आला होता.

झरा म्हणजे एक काळा, उतरता खडक होता आणि त्याच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत होता. खाली डबकं नाही, वर धार नाही. पाणी खडकावर पसरत येत होतं आणि पायथ्याच्या मातीत जिरत होतं. पाणी स्वच्छ होतं, भरपूर होतं, फक्त हातात येत नव्हतं.

तिने पिशवीचं तोंड खडकाला लावलं. चिंचोळं, कडक, गोल तोंड सपाट दगडावर टेकलं आणि पाणी त्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी निघून गेलं. पिशवीच्या भिंती आतून एकमेकींना चिकटलेल्या. तिने फुंकून त्या फुगवल्या, तिरकी धरली, उलटी धरली. टोपणात पाणी धरून बघितलं, तर पाच मिनिटांत दोन टोपणं भरली. ओंजळ लावून बघितली, तर ओंजळीतलं पाणी त्या तोंडात जाण्याआधी बोटांतून सांडलं.

आणि मग तिला कळलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. एकतीस वर्षांत तिने हजारो पिशव्या हाताळल्या, पण एकही स्वतः भरली नव्हती. सुई टोचली की पिशवी आपसूक भरायची, माणसाचं काळीज ती भरायचं. घरी नळाने भरली. ती फक्त गळती बघत आली. आत पाणी येणार कसं, हा प्रश्न पंधरा दिवसांत तिला एकदाही पडला नाही. दुकानदाराने बहुधा तेच सांगायला घेतलं होतं, आणि ती कडा चिमटत बसली होती.

ताई दगडावर बसली होती. तिचा एक हात कंबरेच्या मागे गेला होता.

"दुखतंय?" धाकटीने विचारलं.

"बसल्यामुळे असेल."

ताई खोटं बोलत होती. पुढे तळं साडेतीन तासांवर, मागे नळ साडेतीन तासांवर. धाकटीला भाऊजींचा चेहरा आठवला नाही, तिला फक्त ताईचा तो कंबरेमागचा हात दिसत होता, आणि तिला भयंकर भीती वाटली. तिने पायाच्या फोडांसाठी आणलेली छोटी कात्री काढली.

"अगं, काय करतेस?" ताई म्हणाली. "एवढी निवडून आणलीस."

"ताई, ही बाजू ताणून धर."

कड उघडलेली पिशवी फेकून द्यायची, हा तिच्या कामाचा पहिला नियम होता. तिने वरच्या शिवणीवर कात्री ठेवली, आणि एवढ्या मजबूत कडेला कात्री आधी लागेचना. चिवटपणा तिनेच पारखून घेतलेला. मग तिने दात आवळले आणि तोंड, टोपण, शिवण सगळं एका बाजूने कापून काढलं.

कापलेली मऊ कड तिने खडकावर सपाट दाबली. प्लास्टिक दगडाला बिलगलं आणि पाणी निमूट आत उतरायला लागलं. दोघी बघत राहिल्या. तळाशी बोटभर, मग चार बोटं, मग अर्धी. शुद्धीकरणाची गोळी टाकून अर्धा तास थांबावं लागलं. त्या अर्ध्या तासात धाकटीने घड्याळाकडे शंभरदा बघितलं. मग ताई दोन्ही हातांनी पिशवी उचलून गटागटा प्यायली, अर्धं अंगावर सांडत. पुन्हा भरली, पुन्हा गोळी, पुन्हा प्यायली. तासाभराने हात कंबरेवरून खाली आला.

आता प्रश्न होता पुढच्या वाटेचा. उघडी पिशवी पाठीवर घालता येईना. दुमडून नाडीने बांधली तर ओंजळभर पाणी लगेच गळालं. शेवटी एका बाजूची दोन टोकं ताईने धरली, दुसऱ्या बाजूची दोन धाकटीने, आणि दोन लिटर पाणी मध्ये झोळीसारखं धरून दोघी वाटेला लागल्या. वाट अरुंद होती, म्हणून तिरक्या चालत होत्या, एकीचा पाय पुढे तर दुसरीचा मागे. हलकं ओझं म्हणून जिवाचा आटापिटा केला, आणि आता चारही हात त्याच ओझ्यात अडकले होते. धाकटीने सगळी वाट पाण्याच्या पातळीवरची नजर हलवली नाही. उतारावर ती दर दहा पावलांनी ताईला हळू म्हणायची.

शेवटच्या वळणावर ताई थांबली. हात मोकळे नव्हते, बोट दाखवता येत नव्हतं, म्हणून तिने हनुवटी पुढे केली. धाकटीला ते दिसलं नाही. ती पाण्याकडे बघत होती.

"अगं धाकटे, पिशवी काय बघतेस," ताई म्हणाली. "समोर बघ."

तिने मान वर केली. पिशवी कलंडली आणि बरंचसं पाणी दोघींच्या पायांवर सांडलं. चिमटाबाईने खाली बघितलं नाही.