दारापुढचं शेवाळ

आमचं घर उताराच्या गल्लीत होतं. कोल्हापुरातल्या आतल्या गल्ल्या तेव्हा डांबरी नव्हत्या. मधोमध माती, आणि दोन्ही बाजूंना घरांच्या भिंतींना लागून घडीव दगडांची दोन-अडीच हात रुंद फरशी. पावसाळ्यात मधल्या मातीचा राडा झाला की सगळी गल्ली त्या फरशीवरून चालायची. शाळेची पोरं, दुधाच्या चरव्या घेतलेल्या बायका, देवळाला निघालेली म्हातारी माणसं, सगळेच. आषाढात झड लागली की त्याच दगडांवर शेवाळ धरायचं. आमच्या समोर एक उंच भिंत होती. त्यामुळं इतरांकडं ऊन पडलं तरी आमच्या दारात ते पोचायचं नाही. दसऱ्यापर्यंत आमचे दगड हिरवेच.

ज्याच्या दारापुढची फरशी त्यानं घासायची, अशी रीत होती. वडील कोर्टात कारकून होते. पावसाळ्यात दर रविवारी सकाळी धोतर गुडघ्याच्या वर खोचून, विटेचा तुकडा घेऊन ते दारात उकिडवे बसायचे आणि एकेक दगड घासून काढायचे. येणारे-जाणारे थांबून त्यांच्याशी बोलायचे. मला मात्र त्यांची लाज वाटायची. वर्गातलं कुणी येताना दिसलं की मी आत जाऊन बसत असे. रस्ता झाडायचं काम करणारी माणसं वेगळी आणि आपण वेगळे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं. ते कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. आमच्यासारख्या घरांत ते न शिकवताच यायचं.

वडील गेले, संस्थान विलीन झालं, मी हायस्कुलात मास्तर झालो आणि घर माझ्या नावावर लागलं. त्यानंतरच्या पावसाळ्यात आईनं एकदा विटेचा तुकडा आणून माझ्यापुढं ठेवला. मी म्हणालो, "आई, मी शिक्षक आहे. विद्यार्थी बघतात येता-जाता." मग तिनंच एक-दोनदा घासलं. पुढं तिचे गुडघे धरले आणि तेही थांबलं.

आमच्या खालच्या अंगाला एक विधवा बाई एकटी राहायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. गावाबाहेर थोडी शेती आणि परड्यात दोन म्हशी, एवढा तिचा संसार. आवाज असा की ती परड्यात म्हशीशी बोलली तरी आम्हाला माजघरात ऐकू यायचं. तिची फरशी नुकत्याच धुतलेल्या पाट्यासारखी असायची. दोन दिवसांआड राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती बसायची, आणि मी दिसलो की हाक ठरलेली.

"मास्तर, तुमच्या दारातलं शेवाळ काडा की! कोनतरी पडंल एकांदिशी."

"बघतो, मावशी."

"बगून शेवाळ जातंय व्हय?"

मी हसून आत जायचो. तिच्या बोलण्याचा राग कधी आला नाही, कारण तिचा माझ्यावर जीव होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. आजऱ्याला तिचा भाऊ होता, त्याची कार्डं यायची. ती मीच वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो. भावजयीच्या दुखण्यापासून भावाभावांच्या बोलाचालीपर्यंत तिच्या माहेरचं सगळं मला ठाऊक होतं. म्हैस व्याली की पहिला खरवस आमच्याकडं यायचा. बाजारात ती लोकांना सांगायची, "आमचं मास्तर हाय की, त्यांच्याकडनं वाचून घेतो मी." आमच्या भागातल्या बायका करतो, जातो असंच बोलतात.

ज्या वर्षाचं हे सांगतो आहे, त्या वर्षी आषाढात मला नगरपालिकेची नोटीस आली. दारापुढील फरशीवरील शेवाळ व गाळ घरमालकाने तीन दिवसांत काढावा. मी ती वाचली, आणि शेवाळ काढायचं सोडून उत्तर लिहायला बसलो. 'उंबरठ्याबाहेरील जागा ही नगरपालिकेच्या मालकीची असून तिची स्वच्छता राखण्यासाठीच नागरिक पट्टी भरतात. सबब सदर शेवाळ हे नगरपालिकेचे आहे.' असं बरंच काही. शिक्षकांच्या खोलीत मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. शेवटच्या वाक्याला सगळे हसले. त्याच दिवशी दुपारी मी आठवीच्या वर्गाला नागरिकांची कर्तव्ये शिकवली, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

श्रावणात माझ्या पत्नीला नववा लागला. पेठेतली सुईण दर चार-आठ दिवसांनी येऊन तिला बघून जायची. साठीच्या घरातली, बुटकी, कमी बोलणारी बाई. अर्धी गल्ली तिच्या हातावर जन्मलेली. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळीही तीच होती. एके दिवशी सकाळी मी शाळेला जायच्या तयारीत कोटाची बटणं लावत होतो, तेवढ्यात दारात काहीतरी धप्पकन पडलं. पाठोपाठ सुईणीचा आवाज आला, "आई गं!"

ती आमच्या उंबऱ्यापासून हातभर अंतरावर पडली होती. उजवा हात अंगाखाली सापडलेला. दगडावर तिच्या टाचेची लांब रेघ उमटली होती आणि त्या रेघेत खालचा काळा दगड दिसत होता. मी दारात उभा राहिलो आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "जपून नाही का यायचं?"

मी शुद्ध मराठी शिकवणारा माणूस. त्या घडीला मला एवढंच सुचलं.

आईनं तिला आत घेतलं. मनगट बघता बघता सुजलं. टांगा आणायला मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "थांबा जरा. आलोय तर पोरीला बगून जातो." आणि तिनं डाव्या हातानं माझ्या बायकोचं पोट चाचपलं. डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण तोंडानं सांगत होती, "डोस्कं खाली आलंय. भ्याचं काय न्हाय." मग मी तिला टांग्यातून सरकारी दवाखान्यात नेलं. मनगटाचं हाड मोडलं होतं.

शाळेत त्या दिवशी मी गेलो नाही. दुपारी गल्ली सामसूम होती. मावशी शेताकडं गेली होती. मी विटेचा तुकडा शोधून काढला आणि दारापुढचे दगड घासले. चांगलं काम म्हणून नव्हे. नगरपालिकेकडून कुणीतरी येणार, ही भीती होती. मी घाईघाईनं घासत होतो आणि दर दोन मिनिटांनी गल्लीत वर-खाली बघत होतो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आलो तेव्हा नगरपालिकेचे इन्स्पेक्टर दारात उभे होते. दवाखान्यातून त्यांना कळलं होतं. सुईण म्हणे घरी झोपली होती, तिला त्रास द्यायचा नाही म्हणून ते आधी माझ्याकडं आले. माणूस सभ्य होता. त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "मास्तर, बाई नेमकी कुठं पडली?"

मी हात केला. हात सरळ पायाशी, आमच्या दारापुढच्या दगडांकडं जायला हवा होता. तो उताराच्या बाजूला गेला. "तिथं. जरा पुढं," मी म्हणालो. तिथं मावशीची फरशी सुरू होत होती.

इन्स्पेक्टरांनी माझे दगड बघितले, मावशीचे बघितले. मावशीच्या दगडांवर कालचं शेण-पाणी सांडलेलं होतं. माझ्या दारापुढच्या गटारात हिरवे लगदे अजून तसेच पडले होते. ते त्यांना दिसले नसतील असं मला वाटत नाही. पण ते म्हणाले, "तुम्ही शिक्षक. तुमचं म्हणणं लिहून घेतो," आणि लिहून घेऊन गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. रात्री मी व्यवस्थित जेवलो.

आठवड्याभरानं मावशी एक कागद घेऊन आली. "मास्तर, सरकारी दिसतोय. बगा की काय म्हंत्यात."

नोटीस होती. तिच्या दारापुढील फरशी निसरडी ठेवल्यामुळे एका स्त्रीस इजा झाली असून पुन्हा असे आढळल्यास कारवाई करण्यात येईल. मी ती मनात वाचली. मावशी उंबऱ्यावर टेकून माझ्या तोंडाकडं बघत होती. भावाचं कार्ड वाचतानाही ती अशीच बघायची, अक्षरं माझ्या चेहऱ्यावर उमटणार असल्यासारखी.

"काही नाही, मावशी," मी म्हणालो. "पावसाळ्यात दारं स्वच्छ ठेवा म्हणून सगळ्यांना पाठवलीय."

"मी तर ठेवतोय की."

"हो. तुम्हाला काही बोललेले नाहीत."

तिनं कागद घडी घालून कनवटीला खोचला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून दार उघडलं तर मावशी आमच्या दारात बसून आमची फरशी घासत होती. राख, शेंडी, बाजूला पाण्याची बादली. माझ्याकडून घाईत सुटलेले कोपरे ती बोटानं कोरून काढत होती.

"अहो मावशी, हे काय?"

"नोटीस आलीया न्हवं सगळ्यास्नी," ती मान वर न करता म्हणाली. "तुमास्नी शाळा. आईचं गुडगं गेल्यालं. आन् सूनबाई अवघडल्याली. तिचा पाय घसरला म्हंजे?"

मी तिथं उभा राहू शकलो नाही. आत गेलो आणि मोरीत जाऊन उगाच तोंड धूत राहिलो. आईनं विचारलं, "बरं नाही का?" मी म्हणालो, "बरं आहे."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुलगी झाली. सुईणीचा हात अजून बांधलेला होता. पण माझी बायको दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना. शेवटी सुईण आपल्या भाचीला घेऊन आली, स्वतः पाटावर बसली आणि तोंडानं सांगत राहिली. भाची तिच्या सांगण्याप्रमाणं करत गेली. सगळं नीट झालं. बारशाला सुईण आणि मावशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. मावशी तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "कुठं पडलीस गं एवडी?"

"हितंच की. मास्तरांच्या दारात. उंबऱ्याम्होरं."

"तरी मी सांगत हुतो मास्तरांस्नी," मावशी म्हणाली, आणि दोघी पाळण्याकडं वळल्या. मी पलीकडं पाहुण्यांना पान देत होतो. दोघींपैकी कुणालाच त्या कागदात काय आहे ते माहीत नव्हतं. ते मला एकट्यालाच माहीत होतं.

मी आणखी चार दिवस काढले. कसे, ते सांगण्यासारखं नाही. पाचव्या दिवशी शाळेतून परस्पर नगरपालिकेत गेलो आणि इन्स्पेक्टरांना सांगितलं की मी खोटं बोललो होतो. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी माझं जुनं उत्तर फायलीतून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "मास्तर, हे पत्र छान आहे. आमच्या हापिसात सगळ्यांनी वाचलं." मग त्यांनी मावशीची नोटीस रद्द केल्याचं लिहून दिलं आणि माझ्या नावाची नवी काढली.

दोन्ही कागद घेऊन मी मावशीच्या घरी गेलो. ती धार काढून नुकतीच आत आली होती. मी म्हणालो, "मावशी, तुमचा तो कागद द्या. मला पुन्हा वाचायचाय."

तिनं तो देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून काढून दिला. मी सगळा वाचला, या वेळी एकही शब्द न गाळता. मग सांगितलं की मीच तिच्या दाराकडं हात केला होता.

ती ओरडेल अशी माझी अपेक्षा होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दुधाची चरवी चुलीजवळ सरकवली.

"म्हंजे त्या दिशी तुमी मला खोटं वाचून दावलासा?"

"हो."

"शेवाळाचं न्हाय काय, मास्तर," ती हळू आवाजात म्हणाली. तिचा एवढा हळू आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "माझ्या दाराकडं हात केलासा, त्येचंबी काय न्हाय. माणूस भेतंय. पर मला वाचाय येत न्हाय, हे तुमास्नी म्हाईत हुतं."

मी सुईणीकडंही गेलो. ती फक्त म्हणाली, "हाड लागतंय आता." ते नीट लागलं नाही. मनगट पुरतं वळेना, आणि पुढची बाळंतपणं हळूहळू भाचीकडं गेली. ती लहान पोरांना न्हाऊ घालायची तेवढी राहिली. एका हातानं.

त्यानंतर दर रविवारी मी फरशी घासत असे, दिवसाढवळ्या, धोतर खोचून. विद्यार्थी बघायचे. काहीजण हसायचे. त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं. मावशीशी भांडण कधी झालं नाही. ती बोलायची, मुलीला कडेवर घ्यायची, सणाला ताट पाठवायची. पण भावाचं कार्ड आलं की ती ते घेऊन गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिंप्याकडं जायची. शिंपी चौथी शिकलेला होता आणि अडखळत वाचायचा.

पुढं नऊ-दहा वर्षांनी आम्ही घर विकून दुसऱ्या पेठेत राहायला गेलो. तिथं एका संध्याकाळी, का कोण जाणे, मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मावशींनी मला तेव्हाच सांगितलं होतं. मुलगी महिन्याचीही नव्हती."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटली.